शहरात नवं व्यापारी क्षेत्र कसं तयार होतं? बीकेसी आणि लोअर परळ काय सांगतात

सकाळी साडेनऊला लोअर परळ स्टेशनवर उतरलात तर गर्दी कुठे निघालीय हे वेगळं सांगावं लागत नाही. आयडी कार्ड गळ्यात, बॅग पोटाशी आणि पाय कुठल्यातरी ‘मिल कंपाउंड’कडे. पत्ता गिरणीचा, पण आत बँका, जाहिरात कंपन्या, मॉल आणि हॉटेलं. जिथे चाळीस वर्षांपूर्वी सूत निघायचं, तिथे आज एक्सेल शीट उघडतात.

हे आपोआप झालं, ‘जागेला भाव आला आणि टॉवर उभे राहिले’ असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात टॉवर सगळ्यात शेवटी येतो. त्याआधी नकाशावरचा एक रंग बदलतो आणि नियमावलीतली काही वाक्यं बदलतात. मैदान किती, घरं किती, रस्ता किती रुंद आणि फायदा कुणाचा, हे सगळं त्या वाक्यांमध्ये ठरतं. क्रेन दिसायला लागते तेव्हा बोलायची वेळ बऱ्याचदा निघून गेलेली असते.

धारावीपासून जुन्या औद्योगिक वसाहतींपर्यंत सगळीकडे पुनर्विकासाची चर्चा आहे. म्हणून व्यापारी क्षेत्र ठरवण्याची ही प्रक्रिया नेमकी काय असते, ते मुंबईतल्या दोन उदाहरणांवरून समजून घेऊ.

झोन म्हणजे नेमकं काय?

प्रत्येक महापालिकेचा एक विकास आराखडा असतो, त्यालाच आपण डीपी म्हणतो. त्यात शहराची जमीन वेगवेगळ्या वापरांसाठी विभागलेली असते. नकाशात निवासी भाग सहसा पिवळा, व्यापारी निळा, औद्योगिक जांभळा आणि मोकळ्या जागा हिरव्या दाखवतात. या विभागांनाच झोन म्हणतात.

आराखड्यासोबत विकास नियंत्रण नियमावली असते. नकाशा कुठे काय हे सांगतो, तर नियमावली किती आणि कुठल्या अटींवर हे सांगते. मुंबईत सध्या डीसीपीआर २०३४ लागू आहे. राज्याच्या बहुतेक इतर शहरांसाठी २०२० मध्ये यूडीसीपीआर ही एकत्रित नियमावली आली.

एखादा भाग व्यापारी क्षेत्र करायचा म्हणजे मुख्यतः चार गोष्टी ठरवायच्या:

- वापर: ऑफिस, दुकानं, हॉटेल, गोदाम यातलं काय चालेल? घरं असतील का?
- एफएसआय: म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक. १,००० चौरस मीटरच्या भूखंडाला १ एफएसआय असेल तर एकूण १,००० चौरस मीटर बांधकाम करता येतं, ४ असेल तर ४,००० चौरस मीटर.
- सोयी: रस्ते, पार्किंग, पाणी, सांडपाणी, मोकळ्या जागा, स्टेशनपर्यंतचा रस्ता.
- परतावा: झोन बदलल्यामुळे जमिनीचा भाव वाढतो. त्यातला किती हिस्सा जनतेकडे येणार? जमिनीच्या रूपात, पैशांच्या रूपात की घरांच्या रूपात?

बातम्यांमध्ये पहिल्या दोन मुद्द्यांची चर्चा होते, पण आपल्या रोजच्या जगण्याशी जास्त संबंध शेवटच्या दोनांचा असतो.

झोन बदलतो कोण?

महाराष्ट्रात यासाठी ‘महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम, १९६६’ हा कायदा आहे. बोलीभाषेत एमआरटीपी कायदा. त्यात ढोबळमानाने तीन वाटा आहेत.

पहिली वाट, नवा विकास आराखडा. साधारण वीस वर्षांतून एकदा संपूर्ण शहराचा आराखडा नव्याने होतो. प्रारूप प्रसिद्ध होतं, लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या जातात, सुनावणी होते आणि शेवटी राज्य सरकार मंजुरी देतं. मुंबईचा सध्याचा आराखडा २०१४ ते २०३४ या काळासाठी आहे. तो मंजूर व्हायला २०१८ उजाडलं.

दुसरी वाट, कलम ३७ खालचा फेरबदल. पूर्ण आराखडा न बदलता त्यातला एखादा भाग किंवा नियम बदलता येतो. अट एवढीच की आराखड्याचं मूळ स्वरूप बदलता कामा नये. यातही नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात. पण ही नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत येते.

तिसरी वाट, कलम ४० खालचं विशेष नियोजन प्राधिकरण. सरकार एखादा भाग ‘अधिसूचित क्षेत्र’ म्हणून जाहीर करतं आणि तिथल्या नियोजनाचे अधिकार वेगळ्या संस्थेला देतं. मग त्या भागाचा आराखडा आणि बांधकाम परवानगी हे सगळं ती संस्था बघते. निवडून आलेल्या महापालिकेचा तिथल्या नियोजनातला अधिकार जवळपास संपतो.

बीकेसी तिसऱ्या वाटेने तयार झालं. लोअर परळचा चेहरा नियमावलीतल्या एका नियमाने आणि पुढे दुसऱ्या वाटेने झालेल्या त्याच्या दुरुस्तीने बदलला.

बीकेसी: एकच मालक, एकच आराखडा

१९७० च्या दशकात मुंबईतली जवळपास सगळी मोठी ऑफिसं फोर्ट, चर्चगेट आणि नरिमन पॉइंटला होती. रोज सकाळी अख्खं शहर दक्षिणेकडे आणि संध्याकाळी उत्तरेकडे धावायचं. हा भार कमी करायला उपनगरांच्या तोंडाशी नवं व्यापारी केंद्र हवं, असा विचार पुढे आला.

त्यासाठी वांद्रे आणि कुर्ला यांच्यामधली, मिठी नदीकाठची सखल, दलदलीची जमीन निवडली गेली. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या एमएमआरडीएला १९७७ मध्ये या भागाचं विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. क्षेत्र सुमारे ३७० हेक्टर, म्हणजे ९०० एकरांहून जास्त.

इथे एमएमआरडीएने भूखंड विकले नाहीत. ते ८० वर्षांच्या भाडेपट्ट्याने, मोठं अधिमूल्य घेऊन दिले. म्हणजे जमिनीची मालकी सार्वजनिक राहिली आणि झोनमुळे वाढलेल्या भावाचा मोठा हिस्सा सार्वजनिक तिजोरीत आला. पुढे व्यापारी भूखंडांचा एफएसआय २ वरून ४ वर नेला, तेव्हा वाढीव बांधकामाचे पैसेही प्राधिकरणालाच मिळाले.

आज राष्ट्रीय शेअर बाजार, सेबी, अनेक बँकांची मुख्यालयं आणि २०१० मध्ये सुरू झालेला भारत डायमंड बोर्स इथे आहे. रस्ते रुंद आहेत, इमारतींमध्ये अंतर आहे. नियोजित व्यापारी क्षेत्र म्हणून बीकेसीचं नाव घेतलं जातं, ते यामुळे.

पण किंमतही मोजावी लागली. मिठीच्या काठावर भराव पडला, नदीचं पात्र आवळलं गेलं आणि खारफुटी गेली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठीकाठचा सगळा परिसर पाण्याखाली गेला. एवढा पाऊस कुठल्याही शहराला जड गेला असता. तरीही नदीच्या पाण्याला पसरायला जागा उरली नव्हती, हा मुद्दा त्यानंतर ठळकपणे पुढे आला.

दुसरी अडचण पोहोचण्याची. लाखभर माणसं रोज येणार हे गृहीत धरून ऑफिसं बांधली, पण स्वतःचं रेल्वे स्टेशन नव्हतं. वांद्रे किंवा कुर्ल्याला उतरायचं आणि बस किंवा शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं. आरे ते बीकेसी ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. प्राधिकरण नेमल्यापासून मेट्रो यायला ४७ वर्षं लागली.

लोअर परळ: ५८ गिरण्या आणि एक नियम

गिरणगावची गोष्ट वेगळी आहे. इथे जमीन रिकामी नव्हती. लालबाग, परळ, वरळी, प्रभादेवी, भायखळा या पट्ट्यात ५८ कापड गिरण्या होत्या. त्यांच्याकडे मिळून सुमारे ६०० एकर जमीन होती. गिरण्यांभोवती चाळी, खानावळी, व्यायामशाळा, नाट्यमंडळं असं अख्खं कामगारांचं शहर उभं होतं.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही. काही गिरण्या बंद पडल्या, काही आजारी पडल्या आणि हजारो घरांच्या चुली थंडावल्या.

प्रश्न उरला तो जमिनीचा. ती औद्योगिक झोनमध्ये होती, त्यामुळे मालकांना तिथे ऑफिस किंवा घरं बांधता येत नव्हती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला आणि हे दार उघडलं. गिरणीच्या जमिनीवर व्यापारी आणि निवासी बांधकाम करता येईल, पण वाटणी करावी लागेल, असं त्यात होतं. टक्केवारी गिरणीच्या आकारानुसार थोडी बदलायची, पण ढोबळ सूत्र असं:

- एक तृतीयांश जमीन महापालिकेला, मैदानं आणि सार्वजनिक सोयींसाठी
- एक तृतीयांश म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी
- एक तृतीयांश मालकाला, विकासासाठी

मालकाला व्यापारी झोनचा फायदा, शहराला मैदान आणि घरं. कागदावर हा सौदा बरा होता. पण अशी वाटणी करून जमीन द्यायला फारसे मालक पुढे आले नाहीत. जुन्या शेडमध्येच वापर बदलला तर वाटणी लागत नव्हती. त्यामुळे अनेक ठिकाणी शेड तशाच ठेवून आत ऑफिसं आणि हॉटेलं आली.

१९९६ मध्ये सरकारने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. एकेका गिरणीचा सुटा विचार न करता सगळ्या जमिनींचा मिळून आराखडा करावा, असा तिचा सूर होता. म्हणजे तुकडे जोडून मोठी मैदानं आणि सलग रस्ते मिळाले असते. ती योजना अमलात आली नाही.

एका शब्दाने काय बदललं?

२००१ मध्ये नियम ५८ मध्ये फेरबदल झाला. वाटणी कायम राहिली, पण ती फक्त ‘मोकळ्या जमिनी’पुरती. आणि मोकळी म्हणजे आधीपासून रिकामी असलेली. शेड पाडल्यावर जी जमीन रिकामी होईल, ती यात धरायची नाही.

ऐकायला किरकोळ वाटतं, म्हणून एक काल्पनिक हिशोब करू. समजा एका गिरणीची जमीन ३० एकर आहे. त्यातल्या २४ एकरांवर शेड आणि इमारती आहेत, ६ एकर रिकामी आहे.

- जुन्या सूत्राने शेड पाडून पुनर्विकास केला तर ३० एकरांची वाटणी. पालिकेला १०, म्हाडाला १०, मालकाला १०.
- नव्या सूत्राने फक्त ६ एकरांची वाटणी. पालिकेला २, म्हाडाला २. मालकाकडे राहिले २ अधिक २४, म्हणजे २६ एकर.

गिरण्यांमध्ये बहुतेक जमीन शेडखालीच असायची. म्हणजे ‘मोकळी’ या एका शब्दाच्या व्याख्येने मैदानांचा आणि घरांचा बराच मोठा वाटा गेला.

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेने याला उच्च न्यायालयात आव्हान दिलं. ऑक्टोबर २००५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि २००१ चा फेरबदल वैध ठरवला. त्यानंतर गिरणगावात टॉवरांना वेग आला.

भाव कसा वाढला याचं एक उदाहरण. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने २००५ मध्ये मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे १७ एकर जमीन लिलावात काढली. डीएलएफ कंपनीने ती ७०२ कोटी रुपयांना घेतली. २०१२ मध्ये तीच जमीन लोढा समूहाकडे गेली, सुमारे २,७०० कोटी रुपयांना. सात वर्षांत जवळपास चौपट. यात बाजाराची तेजी होतीच. पण औद्योगिक झोनची बंधनं कायम असती, तर त्या जमिनीला हा भाव आला नसता.

मग कामगारांना काय मिळालं?

म्हाडाच्या वाट्याला आलेल्या जमिनीवर गिरणी कामगारांसाठी घरं बांधायचं ठरलं. त्यासाठी कामगार संघटनांना वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले. पहिली मोठी सोडत जून २०१२ मध्ये निघाली, ६,९२५ घरांची. अर्जदार होते जवळपास दीड लाख. म्हणजे संप सुरू झाल्यानंतर तीस वर्षांनी, साधारण वीस-बावीस जणांमागे एक घर. नंतर आणखी सोडती निघाल्या, पण मागणी आणि घरं यांच्यातली दरी भरली नाही. कितीतरी अर्ज आज कामगारांच्या मुलांच्या आणि नातवंडांच्या हातात आहेत.

आणि बाकीच्यांना?

ऑफिसं आली, पण रस्ते आणि स्टेशनं गिरण्यांच्या काळातलीच राहिली. प्रत्येक भूखंडाचा आराखडा सुटा मंजूर झाला. सगळे टॉवर मिळून रोज किती माणसं येतील आणि ती कुठल्या पुलावरून जातील, याचा एकत्रित आराखडा नव्हता.

२९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या, म्हणजे आताच्या प्रभादेवीच्या, पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ जणांचा जीव गेला. पाऊस, अफवा अशी तात्कालिक कारणं सांगितली गेली. पण पूल अरुंद होता आणि त्यावरून रोज जाणारी गर्दी नव्या ऑफिसांची होती, हे तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. पुढे लष्कराच्या मदतीने नवा पूल उभारला गेला. तो २०१८ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, म्हणजे दुर्घटनेनंतर पाचच महिन्यांत. पूल बांधणं अशक्य नव्हतं, एवढं तरी त्यातून दिसलं.

२०१७ मध्येच २९ डिसेंबरला कमला मिल्स कंपाउंडमधल्या रेस्टॉरंट-पबला आग लागून १४ जण गेले. गिरणीच्या आवारात दाटीवाटीने सुरू झालेल्या हॉटेलांच्या परवानग्या आणि अग्निसुरक्षा यावर तेव्हा पहिल्यांदा एवढी मोठी चर्चा झाली.

थोडक्यात फरक काय?

- जमीन: बीकेसीत मुख्यतः सार्वजनिक, भाडेपट्ट्याने दिलेली. लोअर परळमध्ये खासगी मालक आणि महामंडळाची.
- आराखडा: बीकेसीत एकत्रित. लोअर परळमध्ये भूखंडागणिक.
- वाढलेला भाव: बीकेसीत मोठा हिस्सा प्राधिकरणाकडे. लोअर परळमध्ये मोठा हिस्सा जमीनधारक आणि विकासकांकडे.
- किंमत कुणी मोजली: बीकेसीत नदी आणि खारफुटीने. लोअर परळमध्ये कामगारांनी आणि रोजच्या प्रवाशांनी.

दोन्हीकडे वाहतुकीची सोय ऑफिसांच्या मागून आली. बीकेसीचा हिशोब बरा वाटतो, पण तिथे निर्णय निवडून न आलेल्या प्राधिकरणाने घेतले. लोअर परळला वाटणीचा नियम होता, पण तो टिकला नाही. त्यामुळे ‘व्यापारी क्षेत्र हवं की नको’ एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. ऑफिसं हवीतच, नोकऱ्या तिथेच असतात. वाढलेल्या भावातून मैदान, घरं, पूल आणि नाले यांचा खर्च कोण आणि कधी करणार, हे नियमात लिहिलंय का, ते बघावं लागतं.

तुमच्या शहरात झोन बदलत असेल तर काय विचाराल?

१. बदल कुठल्या वाटेने होतोय? नवा आराखडा, कलम ३७ की विशेष प्राधिकरण? त्यावरून दाद कुठे मागायची ते ठरतं.

२. एफएसआय किती होता आणि किती होणार? वाढीव एफएसआयसाठी अधिमूल्य घेणार का आणि ते पैसे त्याच भागात खर्च होणार का?

३. आरक्षणं कुठे आहेत? मैदान, शाळा, दवाखाना यांचे भूखंड नकाशात शोधा. जुन्या नकाशाशी ताडून बघा. आरक्षण ‘स्थलांतरित’ झालं असेल तर कुठे गेलं ते विचारा.

४. आज तिथे राहणाऱ्या आणि काम करणाऱ्यांचं काय? घर मिळणार असेल तर किती जणांना, कुठे आणि कधी? ऑफिसांच्या आधी की नंतर?

५. व्याख्या वाचा. ‘मोकळी जमीन’, ‘पात्र’, ‘शक्य असल्यास’ असे शब्द दिसले की थांबा. नियमाचा खरा अर्थ बहुतेक वेळा तिथेच असतो.

हरकत कशी नोंदवायची?

प्रारूप आराखडा किंवा फेरबदलाची नोटीस निघाली की साधारण महिनाभराची मुदत असते. या मुदतीत कुणीही लेखी हरकत देऊ शकतं. जमीनमालक असण्याची किंवा वकील लावण्याची गरज नाही. साध्या मराठीत लिहा. सर्व्हे नंबर किंवा सीटीएस नंबर, नोटिशीची तारीख, कुठल्या नियमावर हरकत आहे आणि त्याऐवजी काय हवं, एवढं असलं की पुरे. पोच घ्यायला विसरू नका. सुनावणीला बोलावलं तर जा.

‘आपण लिहून काय होणार?’ असं वाटणं साहजिक आहे. पण २०१५ ची गोष्ट लक्षात ठेवा. मुंबईचा प्रारूप विकास आराखडा त्या वर्षी फेब्रुवारीत आला. काही भागांत ८ पर्यंत एफएसआय त्यात सुचवला होता. लोकांनी नकाशे उघडून चुका शोधल्या, हजारो हरकती दिल्या. एप्रिलमध्ये सरकारने तो आराखडा नव्याने करायला सांगितला.

गिरणगावातला ‘मोकळी’ हा शब्द २००१ मध्ये बदलला, तेव्हा त्याचा अर्थ फार थोड्या लोकांच्या लक्षात आला. त्यावर मोठा वाद न्यायालयात पेटला, तोवर चार वर्षं गेली होती. पुढच्या वेळी तुमच्या महापालिकेची अशी नोटीस दिसली, तर ती नुसती फॉरवर्ड करू नका. आधी तिच्यातली शेवटची तारीख बघा.